खर्जाची साधना

(महोत्सवी सप्ताहांत धर्मग्रामाच्या गायनमंडळीपुढें केलेलें भाषण)



महोत्सवाच्या या सप्ताहांत आपणांपुढें पुष्कळ बोललें गेलें आहे. कोणीं मंदिराच्या उभारणीची हकीकत सांगितली, कोणीं शाळेची, कोणीं आपल्या वाडवडिलांनीं सोसलेल्या कष्टांची. आमच्या वांट्यास गायनाचा विषय आला आहे. गायनाची सामान्य स्तुति करून आपला वेळ घेण्याचा आमचा विचार नाहीं; ती स्तुति आमच्याहून थोरांनीं पूर्वींच केली आहे. आम्ही एकाच गोष्टीविषयीं बोलणार आहों, आणि ती गोष्ट गायनांत सर्वांत खालीं असते. ती म्हणजे खर्ज; वाद्यवृंदांत जिला बेस म्हणतात ती मंद्र सुरांची ओळ. ही ओळ आपल्या तरुणांस आजच्यापेक्षां चांगली वाजवितां यावी यासाठीं रोजचा अभ्यास कसा बांधावा, हा आजच्या भाषणाचा विषय होय.

विषय लहान वाटेल; परंतु वऱ्हाडांतील माणसास पायाचें महत्त्व निराळें सांगावयास नको. आपल्या अमरावती-अकोल्याकडील काळी जमीन पावसाळ्यांत फुगते आणि उन्हाळ्यांत हात जाईल एवढ्या भेगा टाकते. कपाशीस ती मानवते, घरास मानवत नाहीं. म्हणून जाणता गवंडी मुरूम लागेपर्यंत खणतो आणि मगच पाया भरतो. पुढें त्या पायाकडे कोणी पाहत नाहीं. पण भिंतीस तडा गेला कीं सर्वांस त्याची आठवण होते. गाण्यांतील खर्जाची स्थिति अशीच आहे.

रविवारच्या मिस्सेंत काय घडतें तें आपण सर्व जाणतां. प्रवेशगीत पहिल्या कडव्यांत पेटीच्या पट्टींत असतें. तिसऱ्या कडव्यापर्यंत लोकांचा सूर खालीं उतरलेला असतो, लय सैल झालेली असते. पुढच्या बांकांवरील भगिनी एक मात्रा पुढें आणि मागच्या दारापाशीं उभे असलेले पुरुष एक मात्रा मागें असतात. आपण दोष लोकांस देतों. खरें पाहतां लोकांस टेकावयास कांहीं दिलेलेंच नसतें. वरच्या सुरांची चाल त्यांच्या कंठांत असते. परंतु ती चाल कशावर उभी आहे, आणि पाऊल नेमकें केव्हां पडावयाचें, या दोन गोष्टी मंद्र सूर सांगतो, आणि तोच तेथें नसतो. एक प्रयोग कोणींहि करून पाहावा. एकानें वर केवळ षड्ज धरावा आणि दुसऱ्यानें खालीं क्रमानें मंद्र सा, मंद्र ध आणि मंद्र म वाजवावा. वरचा सूर तिळभरहि हालत नाहीं. तरी पहिल्यानें विसावा मिळतो, दुसऱ्यानें करुणा येते, तिसऱ्यानें पुढें कांहीं सांगावयाचें राहिलें आहे असें वाटतें. म्हणजे चालीचा अर्थ पुष्कळसा खालून ठरतो.

हा खालचा सूर आपल्या मंदिरांतून गेला कसा? याचें एक कारण अगदीं साधें आहे. हार्मोनियमचें पेटंट पॅरिस येथें आलेक्झांद्र देबँ यानें १८४२ मध्यें घेतलें. तें वाद्य पायानें भाता हलवून वाजवावयाचें होतें. त्यामुळें दोन्ही हात मोकळे राहत, उजवा चाल वाजवी आणि डावा खर्ज. आपल्याकडे अशा वाद्यास पायपेटी म्हणत. पुढें १८७५ च्या सुमारास कलकत्त्यास द्वारकानाथ घोष यांनीं हातपेटी तयार केली. ती स्वस्त, हलकी, आणि जमिनीवर बसून भजन करणाऱ्या आपल्या लोकांस सोयीची. तिचे उपकार मोठे आहेत. परंतु तिच्यांत डावा हात भात्यास जुंपला गेला. ज्या हातानें खर्ज वाजावयाचा, तो वारा घालूं लागला. हातपेटी जेथें जेथें एकटी राहिली, तेथें खालची ओळ कोणीं टाकली असें नाहीं. ती वाजवावयास हातच उरला नाहीं.

दुसरें कारण अधिक दुःखाचें आहे. चवदाव्या-पंधराव्या वर्षीं मुलाचा आवाज फुटतो. कालपर्यंत पुढच्या रांगेंत गाणारा मुलगा एकाएकीं घोगरा होतो, इतर मुलें हंसतात, आणि तो गायनमंडळींतून उठून जातो. त्याच्या गळ्यांत ज्या वेळीं खर्ज उत्पन्न होऊं लागतो, नेमका त्याच वेळीं आपण त्यास गमावतों. तो पुढें मंदिरांत येतो, पण दारापाशीं उभा राहतो आणि तोंड उघडीत नाहीं. आम्ही आपणांस विचारतों, त्या वर्षीं त्याच्या हातीं कोणीं बेस गिटार दिली असती तर? आवाज स्थिर होईपर्यंत त्यास गप्प बसावें लागलें नसतें, आणि मंडळीस तिचा पाया मिळाला असता.

तिसरें कारण म्हणजे कळ दाबली कीं ताल, खर्ज आणि सगळा साज आपोआप वाजविणारा कीबोर्ड. त्याची निंदा आम्ही करीत नाहीं. जेथें वाजविणारा एकच आहे तेथें त्याचा आधार होतो. परंतु तें यंत्र लोकांचें ऐकत नाहीं. म्हाताऱ्या बाया कडव्याचा शेवटचा शब्द अंमळ लांबवितात, तेव्हां तें थांबत नाहीं. अर्पणाची रांग वेदीपर्यंत पोंचावयास उशीर झाला तर तें शेवट पुढें ढकलीत नाहीं. माणूस मात्र ऐकतो. शिवाय आपले तरुण शिक्षणासाठीं आणि नोकरीसाठीं पुणें, नागपूर, मुंबई येथें जातात, हें आपल्या घराघरांतील सत्य आहे. कीबोर्ड वाजविणारा एक मुलगा गेला कीं सर्व वाद्यवृंद त्याच्याबरोबर आगगाडींत बसून जातो. हा प्रसंग टाळावयाचा असेल तर विद्या एका यंत्रांत न ठेवतां चार हातांत ठेविली पाहिजे.

लहान मंडळीस खर्जाचा आधार लागतो ही गोष्ट नवी नाहीं. लोदोविको व्हियादाना नांवाच्या इटालियन फ्रान्सिस्कन संन्याशानें १६०२ मध्यें व्हेनिस येथें शंभर धार्मिक गीतांचा एक संग्रह छापला. त्या काळचीं गीतें अनेक स्वतंत्र आवाजांचीं असत. पण पुष्कळ मंदिरांतून गाणारे दोन किंवा तीनच मिळत, आणि तेवढ्यांनीं तीं गाइलीं म्हणजे मध्येंमध्यें खिंडारें पडत. म्हणून व्हियादानानें थोड्या आवाजांसाठींच गीतें रचिलीं आणि त्यांखालीं ऑर्गनसाठीं अखंड चालणारी खर्जाची ओळ घातली. वर गाणारा एक असो कीं चार असोत, खालचा धागा तुटत नसे. १९५५ मध्यें अमरावतीचा धर्मप्रांत स्थापन झाला तेव्हांपासून आजपर्यंत आपल्याकडील धर्मग्राम बहुधा लहानच आहेत. तेव्हां व्हियादानाची अडचण ती आपली अडचण, आणि त्याचा उपाय तो आपला उपाय होय.

पुढें जर्मनींत योहान सेबास्टियन बाख (१६८५–१७५०) शिष्यांस कसें शिकवीत, हें त्यांच्या मुलानें १७७५ मध्यें लिहून ठेविलें आहे. भक्तिगीताची चाल घेऊन बाख प्रथम तिची खर्जाची ओळ स्वतः लिहून देत. मधले आवाज शिष्यानें भरावयाचे. तें साधल्यावर मगच खर्जाची ओळ शिष्यास करावयास सांगत. आधीं चांगला खर्ज पुष्कळ वाजवावा, मग स्वतःचा रचावा, हा क्रम आपण ध्यानांत ठेवावा. कारण आजचा तरुण पहिल्या महिन्यांतच स्वतःची करामत दाखवूं पाहतो.

आपल्या शेजारीं गोव्यांत पोर्तुगीज अमदानींत धर्मग्रामाच्या शाळांतून मुलांस सुरलेखन वाचावयास आणि व्हायोलिन वाजवावयास शिकवीत. शिकविणाऱ्यास मेस्त्रे म्हणत. त्या पद्धतींत शिकलेल्या गोमंतकीयांनीं पुढें मुंबईच्या चित्रपटांचे वाद्यवृंद सांभाळले. सेबास्टियन डिसोझा यांनीं शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्ययोजना केली. माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांजपाशीं पुढें प्रसिद्धीस आलेले प्यारेलाल व्हायोलिन शिकले. त्याच गोव्यांत मांड्याच्या गाण्याखालीं मातीच्या घुमटाचा गंभीर नाद असतो. २०१९ मध्यें गोवा सरकारनें घुमटास राज्याचें वारसा वाद्य ठरविलें. एका छोट्या मुलखांत इतके वाजविणारे निपजले ते प्रतिभेच्या पावसानें नव्हे. धर्मग्रामांत रोज धडा देणारा कोणी होता, म्हणून निपजले.

आतां वाद्याकडे वळूं. बेस गिटार हें तरुण वाद्य आहे. पूर्वी खर्जासाठीं माणसाहून उंच असा उभा डबल बेस वाजवीत. त्यास पडदे नसत, आणि तो नेणें-आणणेंहि कठीण. अमेरिकेंत लिओ फेंडर यानें १९५१ मध्यें पडदे असलेली विजेची बेस गिटार बाजारांत आणली. तिला चार तारा. पेटीच्या भाषेंत सांगावयाचें तर जाड तारेपासून पांढरी तीन, पांढरी सहा, पांढरी दोन आणि पांढरी पांच. प्रत्येक तार आधीच्या तारेच्या मध्यमावर लाविलेली. या एका नियमामुळें सर्व गणित सोपें होतें: कोणत्याहि सुराचा पंचम पुढच्या बारीक तारेवर दोन पडदे पुढें, त्याचा तार षड्ज एक तार सोडून पुढच्या तारेवर दोन पडदे पुढें, आणि मंद्र पंचम त्याच पडद्यावर मागच्या जाड तारेवर. एवढें हातांत बसलें कीं पट्टी बदलली तरी भीति नाहीं. हाताचा आकार तोच राहतो, फक्त जागा सरकते.

रोज पाऊण तास पुरे. आठवड्यांतून एकदां बसून केलेल्या पांच तासांपेक्षां रोजचा पाऊण तास अधिक फळ देतो. हाताची विद्या विश्रांतींत आणि झोपेंत मुरत असते. या पाऊण तासाचे आम्ही पांच भाग करतों.

पहिला भाग कानाचा, पांच मिनिटें. आपल्याकडील गवई पहाटे मंद्र षड्ज लावून बसतात आणि त्यास खर्ज भरणें म्हणतात. तंबोऱ्याच्या चौथ्या तारेसहि खर्जच म्हणतात. हीच रीति येथें घ्यावी. तारा जुळवाव्या, एक तार छेडावी आणि ती विझेपर्यंत ऐकावी. मग तोच सूर गळ्यानें म्हणावा. फार खालचा असेल तर एक सप्तक वर घ्यावा. गळा ताणूं नये. जो सूर गळ्यांत येत नाहीं तो बोटांत नीट येत नाहीं, असा आमचा अनुभव आहे. ज्यांच्यापाशीं वाद्य नाहीं, पण आवाज खालचा आहे, अशा पुरुषांनींहि एवढा भाग रोज करावा. मंडळीस त्यांचा तितकाच उपयोग आहे.

दुसरा भाग हाताचा; दहा मिनिटें. उजव्या हाताचा अंगठा जाड तारेवर किंवा पिकअपवर टेकवावा आणि तर्जनी व मध्यमा चालल्याप्रमाणें आळीपाळीनें पडाव्या. दोन्हींचा आवाज सारखाच आला पाहिजे. डोळे मिटून ऐकणारास कोणतें बोट पडलें हें ओळखतां येऊं नये. डावें बोट पडद्याच्या अगदीं मागें ठेवावें, म्हणजे थोड्या दाबानें सूर स्वच्छ निघतो. आरंभ पांचव्या पडद्यापासून करावा. तेथें पडदे जवळ आहेत आणि एकेका पडद्यास एकेक बोट सहज पोंचतें. खालच्या पडद्यांवर अंतर मोठें; तेथें लहान हाताच्या मुलांनीं तर्जनी, मध्यमा आणि करंगळी एवढींच योजावीं. व्हिएन्नाच्या फ्रान्झ सिमांडल यांनीं एकोणिसाव्या शतकांत डबल बेससाठीं हीच पद्धति घालून दिली. आणि बोटांच्या संख्येचा अभिमान नको: अमेरिकेचे जेम्स जेमरसन (१९३६–१९८३) उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीनें वाजवीत, आणि त्यांच्या खर्जाच्या ओळी आजहि जगभर अभ्यासल्या जातात.

याच भागांत सूर थांबविणेंहि शिकावें. मोकळी तार वाजतच राहते आणि पुढच्या सुरांत चिखल कालवते. म्हणून डाव्या हाताचा दाब किंचित् सैल करून सूर तोडावा, आणि न वाजणाऱ्या तारांवर बोट अलगद ठेवावें. बोटांच्या अग्रांस फोड आला तर भिऊं नये, तो बरा होतो. परंतु मनगट दुखूं लागलें किंवा बोटें बधिर झालीं तर त्याच क्षणीं थांबावें आणि बसण्याची ढब तपासावी. वेदना सोसून वाजविणें हें शौर्य नव्हे.

तिसरा भाग लयीचा, दहा मिनिटें. मेल्झेलच्या मेट्रोनोमला १८१५ मध्यें पेटंट मिळालें. आज तो प्रत्येकाच्या मोबाइलमध्यें फुकट आहे. मिनिटास साठ ठोके लावावे आणि प्रत्येक ठोक्यास एकच सूर वाजवावा. सूर इतका नेमका पडावा कीं ठोका ऐकूंच येऊं नये. मग ठोके निम्मे करावे, म्हणजे एका मात्रेस ठोका आहे आणि दुसऱ्या मात्रेस आपण एकटे आहों. शेवटीं आवर्तनांत एकच ठोका ठेवावा, तो समेवर. मधली वाट आपली. समेवर ठोका आणि सूर एकत्र भेटले तर लय आपली झाली. साठ ठोक्यांवर ओळ तीनदां निर्दोष वाजल्याखेरीज चौसष्टावर जाऊं नये. आपल्या यावलीचे तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) एका खंजिरीच्या आधारानें मोठमोठे समुदाय एका लयींत गाववीत असत. वाद्यें किती आहेत यापेक्षां लय किती पक्की आहे, यावर लोक चालतात.

येथें तबल्याकडून एक मोठी गोष्ट शिकावयाची आहे. केरव्याचे बोल घ्या: धा गे ना ती, न क धी न. पहिल्या दोन मात्रांस डग्गा घुमतो. तिसरीपासून सहावीपर्यंत त्याची घुमारी बंद असते. सातव्या मात्रेस 'धी' बरोबर तो परत येतो आणि समेची वर्दी देतो. आपल्या बहुतेक पदांचा ठेका केरवा किंवा दादराच असतो. तेव्हां बेस वाजविणारानें डग्ग्याची सोबत धरावी: समेवर सूर द्यावा, मध्यें मोकळें सोडावें, सातवीवर पाऊल उचलून पुन्हां समेवर ठेवावें. आठहि मात्रा भरून काढणारा खर्ज लोकांस दाबून टाकतो. खालीच्या जागीं गप्प राहणें हा आपल्या तालशास्त्राचा नियम आहे, आणि बेस गिटारीनें तो मोडण्याचें कारण नाहीं.

चौथा भाग वाटेचा, दहा मिनिटें. एका सुराकडून दुसऱ्या सुराकडे कसें जावें, हा येथें प्रश्न आहे, आणि येथेंच आपल्या तरुणांनीं विशेष सावध राहावयास पाहिजे. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनें ४ डिसेंबर १९६३ रोजीं उपासनेविषयीं जें संविधान प्रसिद्ध केलें, त्यांत लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेस उपासनेंत योग्य मान द्यावा असें सांगितलें आहे. आपलीं मराठी पदें रागांवर बांधलेलीं असतात. गिटारीच्या पुस्तकांत तीन कॉर्ड दिलेले असतात. तेच तीन प्रत्येक पदाखालीं घातले कीं राग मोडतो. भूप घ्या. त्यांत सा, रे, ग, प, ध एवढेच सूर. मध्यम आणि निषाद वर्ज्य. पुस्तकांतील दुसरा कॉर्ड मध्यम आणतो, तिसरा निषाद आणतो. गाणारास कारण कळत नाहीं, पण त्याचा सूर डळमळतो. म्हणून भूपाच्या पदाखालीं सा, मंद्र प आणि मंद्र ध एवढेंच भांडवल ठेवावें. पांढरी एक पट्टी असेल तर सा दुसऱ्या जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावर आहे, मंद्र ध तीच तार मोकळी आहे, आणि मंद्र प सर्वांत जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावर आहे. डावा हात जवळजवळ हालत नाहीं, आणि संबंध पद उभें राहतें.

मग वाट. साकडून मंद्र पकडे उतरावयाचें तर चार मात्रांत सा, सा, ध, प. वर पंचमास चढावयाचें तर सा, रे, ग, प. निषाद ओलांडला, मध्यम ओलांडला, आणि राग शाबूत राहिला. काफींत कोमल निषाद आणि षड्ज यांची ये-जा शोभते. भैरवींत शेवटीं कोमल ऋषभावरून षड्जावर उतरलें तर पद आपोआप मिटतें. रोज एकच राग घ्यावा आणि त्यांत षड्ज-पंचमाच्या चार वाटा शोधाव्या. त्या वहींत लिहून ठेवाव्या. वर्षाअखेर ती वही कोणत्याहि विकत मिळणाऱ्या पुस्तकापेक्षां मोलाची होईल.

पांचवा भाग पदाचा. उरलेलीं दहा मिनिटें. येत्या रविवारचें एकच पद घ्यावें. प्रथम चाल म्हणावी, मग खर्जाची ओळ नुसत्या गळ्यानें म्हणावी, नंतर वाजवावी, आणि शेवटीं चाल गात गात खर्ज वाजवावा. हें शेवटचें कठीण आहे, परंतु ज्यास तें साधलें तो लोकांचा श्वास ओळखूं लागतो. कोठें ते थांबणार, कोठें शब्द लांबणार, हें त्यास आधीं कळतें. चुकीची जागा आली तर संबंध पद पुन्हां पहिल्यापासून वाजवूं नये. ती जागा, तिच्या मागची एक मात्रा आणि पुढची एक मात्रा एवढीच दहादां घ्यावी. शनिवारीं एकदां मोबाइलवर ध्वनिमुद्रण करावें आणि तें लगेच नव्हे, दुसऱ्या दिवशीं ऐकावें. त्यांतील एकच दोष वहींत लिहावा. पुढच्या आठवड्याचा अभ्यास त्या दोषाभोंवतीं फिरावा.

आतां आक्षेपांकडे येऊं. पहिला आक्षेप घरांतील माउलींचा. दोन खोल्यांचें घर, धाकट्या बहिणीची परीक्षा, आणि हा ढम् ढम् करीत बसणार! त्यांनीं निश्चिंत असावें. विजेची बेस गिटार ध्वनिवर्धकास न जोडतां वाजविली तर शेजारच्या माणसासहि जेमतेम ऐकूं येते. वाजविणारानें हनुवटी वाद्याच्या वरच्या शिंगावर टेकवावी, किंवा तें शिंग लांकडी कपाटास लावावें; सूर हाडांतून आणि लांकडांतून स्वच्छ ऐकूं येतो. घरांतील कोणाची झोपमोड होत नाहीं.

दुसरा आक्षेप वेळेचा. रात्रपाळी करणारा किंवा शिकवणीस जाणारा मुलगा म्हणतो, पाऊण तास कोठून आणावा? त्यानें पंधरा मिनिटें आणावीं. त्या दिवशीं पहिला आणि तिसरा भाग तेवढा करावा, म्हणजे कान आणि लय. हात एक दिवस थांबेल. कान आणि लय थांबूं देऊं नये. मात्र दिवस अगदीं कोरा जाऊं नये.

तिसरा आक्षेप उघडपणें कोणी बोलत नाहीं, पण वागणुकींत दिसतो. तो असा कीं हें मुलांचें वाद्य आहे, मुलींचें नव्हे. अमेरिकेंतील कॅरल के या १९३५ मध्यें जन्मलेल्या बाईंनीं लॉस एंजल्सच्या ध्वनिमुद्रणगृहांतून असंख्य गाण्यांस बेस वाजविला, आणि पुढें त्या विद्येचीं पुस्तकें लिहून इतरांस शिकविलें. आपल्या मुली गायनमंडळीचा कणा आहेत. त्यांच्यापैकीं कोणास या वाद्याची ओढ असेल तर तिला तें निःसंकोच द्यावें.

चौथा आक्षेप वृद्धांचा, आणि त्याचा आम्ही आदर करतों. मंदिरांत विजेचें वाद्य कशास? पोप पायस दहावे यांनीं २२ नोव्हेंबर १९०३ रोजीं संगीताविषयीं जें आज्ञापत्र काढलें त्यांत मुख्य स्थान गायनाचें आहे. वाद्यानें त्यास आधार द्यावा, दडपूं नये, असें सांगितलें आहे. आम्हांस ही कसोटी मान्य आहे. बेसचा आवाज एवढाच ठेवावा कीं तो वाजत असतां कोणाच्या लक्षांत येऊं नये, आणि थांबतांच चुकल्याचुकल्यासारखें व्हावें. त्याहून मोठा झाला तर वृद्धांनीं अवश्य तक्रार करावी, आणि तरुणांनीं ती ऐकावी.

वाद्याच्या निगेविषयीं एक शब्द. अकोल्याचा मे महिना लांकडास सोसत नाहीं. पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा बंद मोटारींत गिटार ठेवली तर तिची मान वांकते आणि तारा पडद्यांवर खुळखुळूं लागतात. ती आंतल्या थंड खोलींत, पिशवींत घालून ठेवावी. वाजविल्यावर तारा कोरड्या फडक्यानें पुसाव्या, म्हणजे घामानें गंजत नाहींत.

शेवटीं आमची मागणी. महोत्सवानिमित्त मंदिरास रंग लागला, मांडव पडला, पाहुणे आले. मांडव उद्यां उतरेल. रंगहि दोन-चार पावसाळ्यांनीं फिका होईल. त्यानंतर या वर्षाची खूण म्हणून काय राहावें? आम्ही असें सुचवितों कीं गायनमंडळीनें यंदा तीन जणांस खर्जासाठीं निवडावें: एक सध्यां वाजविणारा, एक चवदा-पंधरा वर्षांचा, ज्याचा आवाज नुकताच फुटला आहे, आणि एक मुलगी. तिघांनीं घरीं रोज वर सांगितल्याप्रमाणें अभ्यास करावा आणि शनिवारीं सायंकाळीं तबलजीसह एक तास एकत्र बसावें. वाद्य एकच असलें तरी चालेल. एकानें वाजवावें, दुसऱ्यानें खर्ज गावा, तिसऱ्यानें हातानें ताल धरावा, आणि पाळी बदलावी. जो मोठा आहे त्यानें बदलीचा किंवा नोकरीचा हुकूम येण्यापूर्वीं आपली वही धाकट्यांस उतरवून द्यावी.

एक वर्ष असें गेलें तर काय होईल, तें आम्ही अतिशयोक्ति न करतां सांगतों. आपल्याकडे कोणी विश्वविख्यात वादक निर्माण होणार नाहीं. परंतु प्रवेशगीताचें तिसरें कडवें पहिल्याच पट्टींत राहील. पुढच्या बांकावरील आजीबाई आणि मागच्या दारापाशीं उभा असलेला शेतकरी एकाच मात्रेवर शब्द उच्चारतील. आणि दारापाशीं मुकाट उभ्या असलेल्या त्या मुलांपैकीं एखादा पुन्हां आंत येऊन मंडळींत बसेल. पुढील महोत्सवाच्या वेळीं जे येथें असतील त्यांनीं डोळे मिटून ऐकावें. पाया भरला होता कीं नाहीं, हें त्यांस कानानें कळेल.

 शनिवारीं सायंकाळीं सहा वाजतां मंदिराचें दार उघडें असेल. येतांना वही आणावी.